सेठजींचे पाय आणि अर्धवट गटार

आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. आयुष्यभर मी जे काही लिहिले ते सरकारी होते: अमुक मोरी खचली आहे, तमुक भिंतीला ओल आली आहे, चुन्यात वाळूचे प्रमाण इतके असावे. तेही उर्दूत, कारण ज्या राज्यात माझी नोकरी झाली त्याचे दफ्तर उर्दूत चाले. मराठीत आणि स्वतःच्या आठवणी म्हणून चार पाने लिहिण्याचा आगाऊपणा या वयात करावा, असे मला कधी वाटले नव्हते. शाळेत निबंधाला गुण बरे मिळत, परंतु ते वाचून दाखवायची वेळ आली की माझा घसा बसे. आणि ज्याला वाचून दाखवता येत नाही त्याने लिहू नये, असा मी माझ्यापुरता नियम करून घेतला होता.

तो नियम मोडण्याचे निमित्त असे झाले. मध्यंतरी एका तज्ज्ञ गृहस्थांचे व्याख्यान ऐकले. माणसांना चालावेसे वाटेल अशी गावे रचली पाहिजेत, असा त्यांचा विषय होता. वाटेवर सावली हवी, टेकायला जागा हवी, वाहनांना थोडा अटकाव हवा, असे ते सांगत होते. शेवटी त्यांनी ‘कोणाला काही सांगायचे आहे का’ असे विचारले तेव्हा मी हात वर केला. पण अर्ध्यावर धीर सुटला आणि त्याच हाताने कान खाजवून तो खाली घेतला. तेथे जे सांगायचे राहिले ते येथे सांगतो.

निजामी अमलातली गोष्ट आहे. हैदराबादेहून ओव्हरसिअरची परीक्षा पास होऊन मी पहिल्या नेमणुकीवर जालन्यास आलो होतो. बांधकाम खात्यातर्फे मला एक सायकल मिळाली होती. वडीलधारे किंवा हुद्देदार समोरून आले की सायकलवरून उतरून सलाम करायचा, अशी तेव्हाची रीत. आणि जालन्यात वडीलधाऱ्यांना आणि हुद्देदारांना काही तोटा नव्हता. एका सलामानंतर पुन्हा टांग टाकावी तोच दुसरे कोणी दिसे. त्यामुळे ती सायकल मी बसून जितकी चालवली, त्याहून कितीतरी अधिक हाताने धरून चालवली. गावातल्या कादराबाद पेठेतले लोक मला ‘सायकलीला फिरवायला नेणारे साहेब’ म्हणत, हे मला फार उशिरा कळले.

बाजारात त्या काळी माणसाची पत त्याच्या पायांवरून ठरे. म्हणजे ते जमिनीला किती कमी लागतात त्यावरून. हमाल चाले, कास्तकार चाले, मास्तर चाले. सरकी-कापसाच्या धंद्यातला इभ्रतदार माणूस मात्र तांग्यातून जाई, मग त्याला पलीकडच्या दुकानात का जायचे असेना. एखादा व्यापारी पायी दिसला की लोक त्याच्या मागे बघत राहत आणि संध्याकाळपर्यंत गावभर होई: शेठ बसला. बसला म्हणजे त्याचे दिवाळे निघाले.

ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ते सेठजी अशांपैकी अग्रगण्य. त्यांचे पूर्वज मारवाडातून आले होते, पण ते स्वतः आमच्याइतकीच अस्सल इकडची मराठी बोलत. त्यांची कापसाची अडत होती. घर गल्लीच्या आतल्या टोकाला आणि पेढी बाजारात; अंतर असे की घराच्या गच्चीवरून जोरात हाक मारली तर पेढीवरच्या मुनिमाने दचकून वर बघावे. तेवढ्यासाठी सकाळी तांगा दाराशी येई. चिंचोळ्या गल्लीत घोडा वळवणे हा एक सोहळाच होता. तांगेवाला चाचा खाली उतरून घोड्याची मनधरणी करी, चाक कोणाच्या तरी ओट्याला घासे, ओट्यावरची म्हातारी चाचांचा उद्धार करी, आणि या सर्व काळात सेठजी गादीवर टेकून शांतपणे पान चघळत बसलेले असत. तितक्या वेळात ते पेढीवर जाऊन परत आले असते.

या त्रासाला कंटाळून सेठजींनी गल्ली रुंद करण्यासाठी अर्ज केला आणि तो माझ्याकडे आला. मी साखळी घेऊन मोजणीला गेलो. पहिलाच फेरा झाला असेल, तोच सेठजींच्या घरची कामवाली बाई पदर खोचत माझ्याजवळ आली.

“ओवरसेरसाब, सेठाणीबाई बोलावून राह्यल्या. जल्दी चला.”

“मला? कशासाठी?”

“आता मला काय ठावं? साखळी राहू द्या तिथंच, कोणी न्हाई नेत. चपला तेवढ्या भाईर काढा.”

परक्या घरात जाऊन परक्या बाईशी बोलायचे या कल्पनेनेच गोंधळून मी चपलांआधी टोपी काढली. आत चौकात मला पाट दिला. समोर दाराला पडदा होता आणि पडद्यामागे बांगड्या वाजत होत्या. मी फरशीचे निरीक्षण करू लागलो. फरशी शहाबादी होती आणि चांगली बसवलेली होती.

“गल्ली मोठी करणार म्हणं तुम्ही?” पडद्यामागून आवाज आला.

“जी. म्हणजे सेठजींचाच अर्ज आहे.”

“मोठी नका करू. हाय त्याच्याहून बारीक करा.”

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तेव्हा त्या अडखळत म्हणाल्या, “आमच्या मोरीत मुंग्या लई व्हायल्या.”

हा प्रश्न माझ्या कक्षेतला होता. मला एकदम धीर आला. “दरजा उघड्या पडल्या असतील,” मी म्हणालो. “चुना भरून देतो. तोवर चुन्याची निवळी टाकत जा.”

कामवाल्या बाईने तोंडाला पदर लावला, पण तिला राहवेना. “अवो साहेब, मुंग्या मोरीच्या न्हाईत. सेठजी मोरीत जाऊन आले की मंग लागत्यात. हकीमसाहेबांनी वळखलं, अंगात साखर झाली म्हणून.”

मी पुन्हा फरशीकडे पाहू लागलो.

मग सेठाणीबाईंनीच सगळे सांगितले. मागल्या थंडीत जोडा लागून सेठजींच्या अंगठ्याला जखम झाली होती. ती भरता भरता उन्हाळा आला. पायांना मुंग्या येत, कधी खडा टोचला तरी कळत नसे. हकीमसाहेबांनी स्पष्ट बजावले होते: गोड सोडा आणि रोज चाला, अंगठा या खेपेला वाचला, पुढच्या खेपेला पाय काढावा लागेल. गोड सेठजींनी निम्मे सोडले. चालण्याचे मात्र जमेना. घरच्या चौकात दोन फेऱ्या मारून ते दमून चहा मागत. गच्चीवर फिरावे तर शेजारचे खालून विचारत, “सेठजी, वर काय हरवलं?” आणि बाजारात पायी जाण्याचे नाव काढायची सोय नव्हती.

“ह्यांच्या मावसभावाचा घोडा लंगडला अन् ते पेढीवर पायी गेल्ते,” सेठाणीबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी माणसं दाराशी. आमची ठेव द्या, आमचा माल द्या. बिचाऱ्यांनी लंगडा घोडा रस्त्यात उभा करून दाखवला, तवा लोक गेले. हे म्हणतात, पाय गेला तरी चालंल, पत न्हाई जाऊ देणार.”

त्यांचा आवाज भरून आला. मी म्हणालो, “पण यात मी काय करणार?”

“तुम्ही सरकार हाय. सरकारनं रस्ता अडवला तर कोण काय म्हणंल? समद्यांनाच पायी निघावं लागंल. मंग एकटे सेठजी कशानं बसले म्हणत्याल?”

मी साखळी उचलून बिऱ्हाडी आलो आणि विचार करत बसलो. गल्ली बारीक करा, असा अहवाल जगात कोणी लिहिला नसेल. परंतु त्या गल्लीला गटार नव्हते, ही गोष्ट खरी होती. पावसाळ्यात सगळ्यांच्या घरचे पाणी गल्लीतच राहणाऱ्या वकीलसाहेबांच्या ओट्याशी जमे. रुंदीकरणाआधी गटार झाले पाहिजे, असा अहवाल मी लिहिला. गटाराचा खर्च रुंदीकरणाहून पुष्कळच कमी असल्याने आमच्या खात्याचे वरिष्ठ, ज्यांना मोहतमीमसाहेब म्हणत, त्यांनी तो आनंदाने मंजूर केला. गटार किती काळात पूर्ण व्हावे, हे लिहायचे मात्र माझ्याकडून राहिले आणि त्यांनीही विचारले नाही.

मी गल्लीच्या बरोबर मधून चर खणवला. दोन्ही बाजूंना, घरांच्या ओट्यांलगत, फरशा टाकून अशी वाट ठेवली की दोन माणसे बोलत जातील, पण चाक जाणार नाही. पहिल्या सकाळी मी मुद्दाम तेथे हजर राहिलो. सेठजी पान लावून बाहेर आले आणि दारातच थबकले.

“ओवरसेरसाब, हे काय केलं? मी गल्ली मोठी करा म्हणलं, तुम्ही तर नदी आणली.”

“गटार आहे, सेठजी. आधी गटार, मग रस्ता. नियम तसा आहे.”

“अन् माझा तांगा?”

“गल्लीच्या तोंडाशी उभा केला आहे.”

सेठजींनी फरशीकडे पाहिले, चराकडे पाहिले, मग पलीकडे पाहिले. पलीकडे वकीलसाहेब एका हाताने धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हाताने छत्री सावरत फरशीवरून निघाले होते.

“वकीलसाब पण पायी?”

“बिलकुल. सगळेच.”

“मंग ठीक हाय,” सेठजी म्हणाले, आणि गावच्या कुंडलिका नदीच्या पुरात उतरावे तसा त्यांनी पहिला पाय फरशीवर ठेवला. वरच्या खिडकीत बांगड्या वाजल्या.

आता काम रेंगाळवायचे होते. सरकारी काम रेंगाळवणे सोपे असते असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. मी ज्या ज्या कामांची घाई केली त्या त्या वेळी गवंडी आजारी पडले, दगड आला नाही, चुना मळायच्या घाणीचा बैल बसला. या एका कामावर मात्र सारे जग माझ्यावर उलटले. गवंडी सूर्योदयाला हजर होऊ लागले. शहाबादेची फरशी ठरल्या दिवसाच्या आधीच वॅगनीतून उतरली. घाणीचा बैल तर असा फिरू लागला की जणू त्याला कोणी बढती कबूल केली होती. मी घडीव दगड घडाई नीट नाही म्हणून परत पाठवले. ते पुन्हा घडून आले, अधिकच सुरेख. मी उतार तपासला, पुन्हा तपासला, आणि एक बांधलेला भाग उकलून तसाच पुन्हा बांधायला लावला. मुकादम माझ्याकडे काळजीने पाही. “साहेब, जेवण बराबर होऊन राह्यलं ना?” असे त्याने एकदा विचारले.

त्याच सुमारास मला एक युक्ती सुचली. उकरलेली माती आणि फोडलेला दगड कोठेतरी टाकायचा होताच. त्याचा ढीग मी गल्लीच्या तोंडाशी टाकला, म्हणजे तांग्याला थोडे पुढे, कडुनिंबाखाली उभे राहावे लागले. आठवड्याने ढीग कडुनिंबाकडे सरकला आणि तांगा विहिरीकडे. सेठजींना पत्ताही न लागता त्यांची वाट रोज थोडी लांबत होती. मात्र दमलेला माणूस परत फिरेल, ही भीती मला होती. म्हणून कडुनिंबाखाली उरलेल्या दगडांचा एक पार बांधून घेतला, आणि विहिरीजवळ पाण्याचा रांजण ठेवायला शेजारच्या हलवायाला राजी केले. खर्च दाखवायला जागा नव्हती, कारण खर्च झालाच नव्हता; दगड गटाराचे होते आणि रांजण हलवायाचा.

सेठजी पहिल्या काही दिवसांत मान खाली घालून, घाईने जात. पुढे ते पारावर टेकू लागले. तेथे न्हावी बसे, फुटाणेवाला बसे. ज्या दारांवरून सेठजी वर्षानुवर्षे तांग्यातून गेले होते, त्या दारांत कोण राहते हे त्यांना आता कळू लागले. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा जावई रुसला, कोणत्या खेड्यात बोंडे कशी फुटली, हे त्यांना पेढीवर पोचायच्या आधीच समजे. कामवाली बाई मला वाटेत गाठून, इकडेतिकडे पाहून, हळूच बातमी देई: “साहेब, मुंग्या कमी झाल्यात.” तिचे दुसऱ्या कोणी ऐकले असते तर त्याला वाटले असते की आमचे खाते मुंग्या मारते.

मग माझ्या हातून अतिरेक झाला. यश मिळू लागले की माझ्यासारख्या भित्र्या माणसालाही हाव सुटते. मी ढीग आणखी पुढे सरकवला. एका सकाळी सेठजी चालत चालत बाजारात तांग्यापाशी पोचले, पायरीवर पाय ठेवला, आणि चाचांनी घोड्याच्या पाठीवर हात फिरवत शांतपणे विचारले, “अब बैठ के कां जाते, सेठजी? पेढी तो पीछे रह गई.”

बाजार हसला. गल्लीत सगळेच पायी होते, तोवर ठीक होते. बाजाराच्या हमरस्त्यावर इतरांचे तांगे धावत होते आणि एकटे सेठजी पायी. दुसऱ्या दिवशी आष्टीकडचे दोन कास्तकार पेढीवर आले. त्यांचा कापूस सेठजींच्या वखारीत होता. ते मुनिमाला अगदी अदबीने म्हणाले, “सेठजीची तब्येत बरी हाय ना? न्हाई, घोडा विकला म्हणं.”

मला हे कळले तेव्हा मी सायकल भिंतीला टेकवून तिच्याजवळच बसून राहिलो. सेठजी त्या संध्याकाळी संतापाने घरी गेले आणि त्यांनी चाचांना फर्मावले, उद्यापासून तांगा गल्लीच्या तोंडाशी पाहिजे, ढीग गेला खड्ड्यात. सेठाणीबाईंचा निरोप आला: केलेलं समदं गेलं. हकीमसाहेबांनी काय सांगितले होते, ते त्यांनी पुन्हा कळवले नाही. कळवायची गरज नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी चोरासारखा पाराच्या आडोशाला उभा राहिलो. तांगा हुकमाप्रमाणे आला होता. गादीला नवी खोळ, घोड्याला तुरा. सेठजी गल्लीतून आले. तांग्यापाशी थांबले. पाराकडे पाहिले, तेथे न्हावी आणि फुटाणेवाला कोणाच्या तरी रुसलेल्या जावयाविषयी बोलत होते, आणि विषय अगदी रंगात आला होता. सेठजींची चलबिचल मला दिसत होती. अखेरीस ते चाचांना म्हणाले, “तू मागून ये.”

आणि ते चालू लागले. पुढे सेठजी, काठी टेकत, पारावर थांबत, सगळ्यांशी बोलत. मागे दहा पावले सोडून रिकामा, सजवलेला तांगा. सेठजी थांबले की तांगा थांबे. बाजारातले लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले.

“सेठजी,” चाचा मागून ओरडले, “लोगां पूछ रैं, अंदर कौन बैठा करके!”

“बोल, सेठजींची मर्जी बैठी है!”

बाजारात त्याचा अर्थ लावला गेला तो असा: ज्याच्याकडे तांगा नाही तो पायी जातो, यात नवल नाही, पण घोड्याला दाणा घालून, चाचांना मजुरी देऊन जो पायी जातो, त्याची ऐपत केवढी असेल! आष्टीचे कास्तकार समाधानाने परत गेले. आणि आठवड्याभरात दुसरे एक व्यापारी रिकामा तांगा मागे घेऊन चालू लागले. मग तिसरे. वकीलसाहेबांकडे स्वतःचा तांगा नव्हता. त्यांनी कचेरीपर्यंत मागे यायला एक भाड्याने ठरवला. सकाळच्या वेळी बाजारात एक मिरवणूकच निघे: इभ्रतदार माणसे पायी, आणि त्यांच्यामागे रिकामे तांगे, एकामागे एक. तांगेवाल्यांचे घोडे त्या हंगामात फार गुटगुटीत झाले.

यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. गावातले तांगे मर्यादित होते. ते सारे सकाळी बाजारात रिकामे फिरत असल्यामुळे स्टेशनावर एकही उरत नसे. आणि नेमक्या अशाच एका सकाळी, पूर्वसूचना न देता, मोहतमीमसाहेब तपासणीसाठी गाडीतून उतरले.

ते गल्लीत आले तेव्हा बुटांवर धूळ होती, फेज टोपीच्या खाली घाम होता आणि चेहऱ्यावर जे होते त्याचे वर्णन मी करू इच्छित नाही. स्टेशनापासून ते पायी आले होते. त्यांनी उघड्या चराकडे पाहिले, फरशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“ये नाली कब से खुली पड़ी है?”

माझा घसा बसला. शाळेत बसायचा तसाच.

“आठ रोज में बंद करो,” ते म्हणाले. “रास्ता हमवार करो और गाड़ियों के लिए खोल दो. समझे?”

मी मान हलवली. वरच्या खिडकीत बांगड्या एकदाच वाजल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात सेठजी बाहेर आले. त्यांनी साहेबांना हात धरून ओट्यावर बसवले, ताक मागवले, पाय धुवायला पाणी मागवले. साहेबांनी बूट काढले, पाय पाण्यात घातले, आणि त्यांच्या तोंडून नकळत एक सुस्कारा निघाला. तो क्षण साधून सेठजी म्हणाले, “हुजूर, एक अर्ज हाय. गटार बंद करा, बराबर हाय. पण गल्ली खोलू नका. तोंडाशी दगडी खुंट गाडा, म्हणजे तांगा आत न्हाई येणार.”

साहेब चकित झाले. “मगर चौड़ी करने की दरख़्वास्त तो आप ही की थी!”

“होती, हुजूर. तवा मला अक्कल नव्हती.” सेठजी पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, पण तो खाली आणलेला आवाजही गल्लीभर ऐकू गेला. “आमच्या बाजारात एक प्रेसवाले शेठ हायेत, कापसाच्या गाठी बांधणारे. इतकी वर्षं माझ्या दाराशी यायचे, पण तांग्यातून उतरायचे न्हाईत. वरूनच बोलायचे, मी खाली उभा. परवा काम निघालं, तवा धोतर धरून ह्या फरशीवरनं पायी आले. इथं बसले, तुम्ही बसले तिथंच. चहा पिऊन गेले. अशी मजा, हुजूर, उभ्या जन्मात न्हाई आली.”

“यानी आप चाहते हैं कि सब आप के दरवाज़े पर पैदल आएँ?”

“जी हुजूर. अन् मी समद्यांच्या दारावरून पैदल जातो. हिसाब बराबर.”

साहेब हसू लागले. पाण्यात पाय असताना माणूस फार वेळ रागावू शकत नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “खुंट लगा दो.” मग निघताना मला एका बाजूला घेऊन, तपासणी पुन्हा पावसाळ्याआधी होणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि स्टेशनापर्यंत जायला तांगा मिळेल का, असे विचारले. सेठजींनी आपला रिकामा तांगा दिला. त्या महिन्यात त्यात बसलेले ते एकटेच गृहस्थ असावेत.

बायकोच्या डावपेचाची सेठजींना कल्पना होती की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांनी मला एवढेच एकदा विचारले होते, “ओवरसेरसाब, एवढ्याशा गटाराला एवढा वेळ? तुमच्या खात्यात चांगली माणसं हायेत म्हणायची.” आणि माझ्या बशीत आणखी एक शेव-चिवड्याची मूठ टाकली होती.

खुंट मी स्वतः उभे राहून गाडले. त्यांच्यामधले अंतर असे ठेवले की कावड घेतलेला माणूस आणि हातात सायकल धरलेला ओव्हरसिअर जाऊ शकेल. चाके बंद झाल्यावर गल्लीत आपोआप बरेच काही आले. संध्याकाळी मुली लंगडी घालू लागल्या. ओट्यावरच्या म्हाताऱ्या शिव्या द्यायला कोणी उरले नाही म्हणून प्रथम काही दिवस सुस्त झाल्या, मग उठून एकमेकींच्या ओट्यांवर जाऊ लागल्या.

पुढल्या दिवाळीला फराळाचे बोलावणे आले. पडदा होताच. पडद्यामागून तक्रार आली.

“ओवरसेरसाब, आता तुम्हीच काहीतरी करा. पेढीवर जातो म्हणून निघतात, अन् नदीपर्यंत जाऊन येतात. जेवण गार होतं. काल तर मोती तलावापर्यंत गेल्ते. सोबत वकीलसाहेब, न्हावी, अन् मागं ते दोन तांगे.”

“गल्ली मोठी करू का?” मी विचारले. इतक्या महिन्यांत मला प्रथमच थट्टा सुचली होती.

“नगं रं बाबा!” कामवाली बाईच ओरडली, आणि पडद्यामागेही हसू आवरले गेले नाही.

पुढे माझी बदली झाली. सेठजी चांगले म्हातारे होऊन गेले, हे मला पत्राने कळले. राज्य बदलल्यानंतरची गोष्ट. दोन्ही पाय शेवटपर्यंत शाबूत होते. खुंट गाडल्यानंतर, गेले त्या एकाच दिवशी ते त्या गल्लीतून न चालता बाहेर पडले. खुंटांमुळे कोणतीही गाडी दाराशी येऊ शकत नव्हती, म्हणून जो आला तो पायी आला. प्रेसवाले शेठही आले, असे म्हणतात, आणि ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

मी व्याख्यात्यांना जे सांगणार होतो ते इतकेच होते. तेव्हा विचारता आले नाही ते आता वाचकांना विचारतो: आपल्या घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर, जिच्यासाठी पायी जावेसे वाटेल, अशी कोणती गोष्ट आहे?